रघुवीर घाटात गाडी घालण्यापूर्वी

खेड तालुक्यातील खोपी गाव मागे पडले की रस्ता सह्याद्रीच्या अंगावर चढू लागतो. हाच रघुवीर घाट. माथ्यापलीकडे सातारा जिल्ह्यातील शिंदी, वळवण ही कांदाटी खोऱ्यातील गावे आहेत. १९६४ साली कोयना धरण पुरे झाले, शिवसागराचे पाणी पसरले आणि हे खोरे एका बाजूने पाण्याने, दुसऱ्या बाजूने डोंगराने अडले. खेडचा बाजार आणि दवाखाना गाठायला त्यांना हाच घाट जवळचा.

घाट अरुंद, वळणावळणाचा. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. म्हणून निघण्यापूर्वी ब्रेक, टायर, स्टेपनी व जॅक तपासा. डिझेल-पेट्रोल खेडलाच भरा.

चढणीला गिअर आधीच खालचा घ्या. ऐन वळणावर बदलू नका. उतरणीला बैल जसे मागे रेटून गाडी थोपवतात, तसे काम इंजिनाकडून करून घ्यावे. ज्या गिअरात गाडी चढली, त्याच गिअरात ती उतरवा. सारखा ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो आणि ऐन वेळी धरत नाही. तेल वाचवायला इंजिन बंद करून उतरणे म्हणजे जिवाशी खेळ. समोरून गाडी चढत असेल तर उतरणाऱ्याने थांबावे, हा घाटाचा नियमच आहे.

चिखलात चाक फिरत राहिले तर आणखी रुतते. खाली उतरा, चाकापुढे दगड-फांद्या घाला, मग हळू काढा. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर थांबा. गुडघाभर वेगवान पाणीही लहान मोटार उचलून नेते.

पावसाळ्यात येथे दरडी कोसळतात. वरून बारीक खडे गळू लागले, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर दरड सुटण्याची ती खूण समजा आणि मागे फिरा. प्रशासनाने घाट बंद ठेवला असेल तर कोणाच्या ओळखीने आत शिरू नका.

आणखी एक सांगणे. धबधबा पाहायला म्हणून वळणावर गाडी लावून जाऊ नका. तुमची मौज चार घटकांची. पण मागून एखाद्या बाळंतिणीला घेऊन जीप येत असेल, तर तिला दुसरी वाट नाही.