मोटार अपघातातील नुकसानभरपाई : कायदेशीर पर्याय आणि त्यांची निवड

प्रस्तावना :
रस्त्यावरील अपघातात कुटुंबातील कमावती व्यक्ती मृत्युमुखी पडली किंवा कायमची अपंग झाली, तर दुःखाबरोबरच त्या कुटुंबावर आर्थिक संकटही कोसळते. कायद्याने कोणते मार्ग उपलब्ध करून दिले आहेत आणि त्यांतील एक स्वीकारल्यास दुसरा बंद होतो काय, हे अशा कुटुंबांना बहुधा उशिरा कळते. मोटार वाहन अधिनियम, 1988 मधील नुकसानभरपाईच्या तरतुदींत 2019 च्या दुरुस्तीने मोठे बदल झाले व ते 1 एप्रिल 2022 पासून अंमलात आले. प्रस्तुत लेखात या पर्यायांचे स्वरूप व त्यांच्या निवडीचे परिणाम यांचे विवेचन केले आहे.

फौजदारी खटला व भरपाईचा दावा :
निष्काळजीपणाने मृत्यू घडवून आणणाऱ्या चालकावर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली खटला चालतो. भरपाईचा दावा त्याहून स्वतंत्र असतो. तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो व तेथे फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही. त्यामुळे चालक निर्दोष सुटला म्हणून भरपाईचा हक्क आपोआप संपुष्टात येत नाही.

उपलब्ध पर्याय :
1) कलम 164 : चालकाची चूक सिद्ध न करता मृत्यूबद्दल 5 लाख व गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळतात. ही रक्कम वाहनमालक किंवा विमा कंपनी देते.
2) कलम 166 : चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करून प्रत्यक्ष हानीच्या प्रमाणात भरपाई मागता येते. येथे कमाल मर्यादा नाही. मात्र वेळ व पुरावा दोन्ही लागतात. मृत वा जखमी व्यक्तीचीही चूक आढळल्यास त्या प्रमाणात रक्कम कमी होते.
3) कलम 161 : धडक देऊन पळालेल्या वाहनाचा शोध न लागल्यास मृत्यूबद्दल 2 लाख व गंभीर दुखापतीबद्दल 50 हजार रुपये मिळतात.

याखेरीज 5 मे 2025 रोजी अधिसूचित झालेल्या योजनेनुसार अपघातग्रस्तास 7 दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचार मिळू शकतात.

निवडीचे महत्त्व :
कलम 149 प्रमाणे विमा कंपनीच्या अधिकाऱ्याने 30 दिवसांत न्यायाधिकरणापुढे तडजोडीचा प्रस्ताव ठेवावयाचा असतो. त्या पद्धतीने कलम 164 खालील रक्कम स्वीकारल्यास कलम 166 खालील अर्ज संपुष्टात येतो. ही रक्कम पुढील मोठ्या भरपाईचा पहिला हप्ता नव्हे.

यातील तफावत एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. दरमहा 15,000 रुपये मिळवणारा 34 वर्षांचा स्वयंरोजगारी गृहस्थ अपघातात मरण पावला. मागे पत्नी, दोन मुले व आई आहेत. सरला वर्मा (2009) व प्रणय सेठी (2017) या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या पद्धतीने हिशेब असा होतो :

वार्षिक उत्पन्न : 1,80,000 रुपये
भावी उत्पन्नवाढ 40 टक्के धरून : 2,52,000 रुपये
मृताचा वैयक्तिक खर्च एक चतुर्थांश वजा जाता : 1,89,000 रुपये
वयानुसार गुणक 16 लावून : 30,24,000 रुपये

सहवासाची हानी, अंत्यसंस्कार आदींची रक्कम याखेरीज असते. 5 लाख व 30 लाख यांतील हे अंतर त्या कुटुंबाचे पुढील आयुष्य ठरवणारे आहे. तथापि चूक मृताचीच असेल किंवा पुरावाच नसेल, तर निश्चित रक्कम स्वीकारणे शहाणपणाचे ठरू शकते.

गृहिणी व जखमी व्यक्ती :
वेतन नाही म्हणून गृहिणीच्या मृत्यूची भरपाई नाही, असे नव्हे. लता वाधवा (2001) खटल्यात तिच्या घरकामाचे मूल्य दरमहा 3,000 रुपये धरले गेले; कीर्ती (2021) खटल्यात भावी उत्पन्नवाढही मान्य झाली. जखमींबाबत राजकुमार (2011) खटल्यातील तत्त्व महत्त्वाचे आहे. वैद्यकीय दाखल्यावरील अपंगत्वाची टक्केवारी म्हणजेच कमाईतील घट नव्हे. हात गमावलेल्या सुताराचा व्यवसायच बुडतो. कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते.

मुदत व कागदपत्रे :
1994 मध्ये रद्द झालेली मुदतीची अट 2022 पासून पुन्हा लागू झाली असून अपघातापासून 6 महिन्यांत अर्ज करावा लागतो. तिच्या वैधतेला आव्हान दिले गेल्यावर सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये, केवळ मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश दिला. अंतरिम आदेश म्हणजे अंतिम निर्णय नव्हे; म्हणून मुदत पाळणेच हिताचे. अर्ज अपघातस्थळाच्या, अर्जदाराच्या निवासाच्या किंवा प्रतिवादीच्या निवासाच्या क्षेत्रातील न्यायाधिकरणाकडे करता येतो. प्रथम खबर, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल किंवा उपचारांची बिले, वयाचा व उत्पन्नाचा पुरावा आणि वाहनाच्या विम्याचा तपशील जपून ठेवावा.

निष्कर्ष :
1) अपघाताची भरपाई हा कायदेशीर हक्क आहे, ती विमा कंपनीची मेहेरबानी नाही.
2) कलम 166 खालील संभाव्य रकमेचा हिशेब केल्याशिवाय तडजोडीच्या प्रस्तावावर सही करू नये.
3) वकिलाचा खर्च न परवडणाऱ्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे, स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत विधी साहाय्य मिळते.
4) विद्यार्थ्याच्या घरी असा प्रसंग ओढवला असता सल्ल्यासाठी अनेकदा प्राध्यापकाकडेच धाव घेतली जाते. म्हणून एवढी माहिती विधी शाखेबाहेरील अध्यापकांनाही असणे आवश्यक आहे.