आलापाला आकडा कोणी दिला?

मागच्या व्याख्यानात आपण अ‍ॅरिस्टॉटलची काळाची व्याख्या पाहिली. आधी आणि नंतर या दृष्टीने केलेली गतीची मोजणी म्हणजे काळ, असं तो म्हणतो. त्यावर एका तरुण श्रोत्याने विचारलं, "सर, मी डीजे आहे. आलापाची फाइल सॉफ्टवेअरमध्ये टाकली तरी ते बीपीएम दाखवतं. आलापात ठेका नाही, मग हा आकडा येतो कुठून? आणि तो आलाप मी दुसऱ्या ट्रॅकशी जुळवायचा कसा?" प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे. आज तोच घेऊ.

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सेराटो, ट्रॅक्टर, रेकॉर्डबॉक्स अशी सॉफ्टवेअर्स आहेत. त्यांत गाणं घेतलं की ध्वनी कुठे एकदम उसळतो ते शोधलं जातं: ड्रमचा ठोका, तबल्याची थाप, तार छेडल्याचा क्षण. मग या उसळ्या साधारण किती अंतराने परत येतात ते पाहून मिनिटाला किती ठोके, म्हणजे बीपीएम, ठरवतात आणि ध्वनीच्या चित्रावर समान अंतराच्या उभ्या रेघा मारतात. त्या रेघांना बीटग्रिड म्हणतात. सिंकचं बटण दाबलं की दोन कामं होतात: दोन गाण्यांची गती सारखी केली जाते आणि एकाची रेघ दुसऱ्याच्या रेघेवर आणून बसवली जाते. पूर्वी हेच काम डीजे कानाने करायचे. १९७९ साली आलेल्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ या तबकडीयंत्रावर गती आठ टक्के वरखाली करणारी सरकपट्टी होती. एक बोट तिच्यावर, एक कान हेडफोनमध्ये, बस्स.

आता आलाप. तेराव्या शतकात देवगिरीला, यादवांच्या राजवटीत, शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात गानाचे दोन भेद आहेत: निबद्ध आणि अनिबद्ध. तालात बांधलेलं ते निबद्ध. आलप्ती अनिबद्ध. आपल्या देवगिरीत बसून माणसाने हे सातशे-आठशे वर्षांपूर्वी स्पष्ट सांगून ठेवलंय, पण सॉफ्टवेअरला हा दुसरा वर्ग माहीतच नाही. त्याला प्रश्न असा विचारलेला असतो की 'गती किती?' 'गती आहे का?' असं कोणी विचारतच नाही. मग गायकाने श्वास घेतला, स्वर उचलला, 'नोम' म्हटलं, तानपुऱ्याची तार छेडली गेली, यांतूनच ते काहीतरी आवर्तन काढून दाखवतं. हा यंत्राचा बिघाड म्हणता येणार नाही. चुकीचा प्रश्न विचारला की असंच होतं.

इथे एक घोटाळा टाळायला हवा. 'ठोका कळत नाही' आणि 'ठोका नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विलंबित एकतालात एक मात्रा चार सेकंदांची धरली, तर बारा मात्रांचं आवर्तन ४८ सेकंदांचं होतं आणि मात्रांचा वेग पडतो मिनिटाला फक्त १५. सॉफ्टवेअर इतक्या संथ गतीचा विचार करत नाही, ते मधले बोल मोजून भलताच आकडा देतं. पण हे गाणं निबद्ध आहे. हाताने ग्रिड लावता येईल, कंटाळा आला तरी. ध्रुपदातला जोड घ्या. त्यात पखवाज नसतो, ताल नसतो, पण एक स्पंद असतो. तिथे टॅपच्या बटणावर बोट धरून स्वतः ठोके द्या, आकडा बऱ्यापैकी खरा येईल. खरी अडचण आहे ती त्याआधीच्या आलापाची.

समजा आलापावर ९६ हा आकडा पडला आणि दुसरा ट्रॅक १२०चा आहे. सिंक दाबलं, की आलाप सव्वापट वेगाने धावणार. दहा मिनिटांचा आलाप आठ मिनिटांत उरकला! की-लॉक बंद असेल तर सूरही तेवढाच चढणार. सव्वापट म्हणजे पाचास चार हे गुणोत्तर, म्हणजे षड्ज थेट शुद्ध गांधाराच्या जागी. की-लॉक चालू असेल तर सूर जागेवर राहतो, पण मींड घाईची होते. आणि हे सगळं कशासाठी, तर मुळात नसलेल्या ठोक्यांसाठी.

बर्गसाँने १८८९च्या आपल्या पहिल्या मोठ्या ग्रंथात एक मुद्दा मांडला होता. आपण काळ मोजतो तेव्हा नकळत तो अवकाशात पसरून ठेवतो, क्षणाशेजारी क्षण मांडतो. जगलेला काळ तसा नसतो, सुरावटीतले स्वर जसे एकमेकांत मुरलेले असतात तसा तो असतो. डीजेच्या पडद्याकडे पाहा. बर्गसाँची तक्रार तिथे अक्षरशः रंगवलेली आहे: काळाची डावीकडून उजवीकडे सरकणारी पट्टी आणि तिच्यावर रेघा. मला बर्गसाँ पूर्ण पटत नाही, रेघांशिवाय नाचायचं कसं, हा प्रश्न उरतोच. पण आलापापुरता तो बरोबर आहे.

मग जुळवायचं कसं? उत्तर ख्यालात आहे. विलंबित ख्यालाच्या विस्तारात तबला आपला ठेका धरून असतो आणि गायक प्रत्येक मात्रेला चिकटून गात नाही. तो मोकळा फिरतो, पण मुखडा घेऊन समेवर नेमका येतो. रेघेला रेघ जुळत नाही, एका बिंदूवर भेट होते. डीजेनेही तेच करावं. आलापाच्या डेकवर सिंक बंद, क्वांटाइझ बंद, गती मूळची. तालाच्या ट्रॅकचा सूर आलापाच्या षड्जाशी जुळतो का ते आधी कानाने बघावं, कारण इथे सूर न जुळणं हे गती न जुळण्यापेक्षा जास्त बोचतं. आलाप ऐकून जिथे गायक षड्जावर येऊन ठेपतो तिथे क्यू पॉइंटची खूण करावी, आणि बरोबर त्या क्षणी दुसऱ्या डेकवरचा पहिला ठोका हाताने सोडावा. पुढे आलाप ठेक्यावर तरंगत राहतो. कान ते सहज मान्य करतो, ख्याल ऐकणाऱ्यांना तर ती सवयच आहे.

दोन गोष्टी जाता जाता. गती ठरवणारा मुख्य डेक आलापाचा ठेवू नका, नाहीतर त्या खोट्या ९६च्या मागे बाकीचे ट्रॅक धावतील. आणि लूप 'चार ठोक्यांचा' असा मागू नका. ९६च्या हिशोबाने चार ठोके म्हणजे अडीच सेकंद, आणि ते अडीच सेकंद मींडेच्या मधोमध संपतील. लूपची सुरुवात आणि शेवट दोन्ही स्वतः ऐकून लावा, शक्यतो श्वासापासून श्वासापर्यंत.