तपासणीचे पैसे वेगळे

"दादा, क्लचप्लेट टाकून द्या." गाडी आत घ्यायच्या आधीच असं सांगणारी गिऱ्हाइकं माझ्या गॅरेजला नेहमीची. क्लचप्लेट गेली हे कोणी सांगितलं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: मेहुण्याने, स्टँडवरच्या ड्रायव्हरने, नाहीतर मोबाइलवरच्या व्हिडिओने. गाडीला नेमकं काय होतंय, ते मात्र कोणी सांगत नाही. मी मुकाट्याने प्लेट बदलली तर मजुरी मिळते, पार्टवर दोन पैसे सुटतात, आणि उद्या गाडी पुन्हा तशीच चालली तरी माझ्यावर बोल येत नाही. तुम्हीच सांगितलं होतं ना?

मेकॅनिक लुबाडतो, हे सगळेच म्हणतात. त्यात तथ्य आहे, नाही असं नाही. पण आमचा धंदा कशावर चालतो ते एकदा बघा. गाडी तासभर ऐकली, फिरवली, खाली झोपून पाहिली आणि "काही झालेलं नाही, फक्त एक क्लिप सैल होती" असं सांगितलं, तर गिऱ्हाईक "थँक्यू दादा" म्हणून निघून जातं. पार्ट बदलला तर बिल होतं. म्हणजे खरं सांगणाऱ्याला चहासुद्धा सुटत नाही आणि पार्ट बदलणाऱ्याचं घर चालतं. खोट्या सल्ल्याचं मूळ इथे आहे.

मी मूळचा मोखाडा तालुक्यातला. काम नाशिकला एका उस्तादांच्या हाताखाली शिकलो, गॅरेज जव्हारला टाकलं. जव्हार समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर. एका बाजूला विक्रमगडवरून मनोरच्या हायवेला उतरायचं, दुसऱ्या बाजूला मोखाडा ओलांडून तोरंगण घाटाने त्र्यंबकला चढायचं. रेल्वे नाही. एसटी चुकली की जीप. बोहाड्याच्या दिवसांत आणि दिवाळीनंतर माणसं वीटभट्ट्यांवर निघतात तेव्हा त्या जीपमध्ये किती माणसं बसतात, ते सांगत नाही. आरटीओवालेही मासिकं वाचतात. २०१४ साली पालघर जिल्हा झाला, कचेरीची कामं ठाण्याऐवजी पालघरला गेली, पण मोठा पार्ट आजही आमच्याकडे नाशिकहूनच येतो. सकाळी फोन केला तर संध्याकाळच्या गाडीने पुडकं हातात. इलेक्ट्रिकचा पार्ट एकदा खोक्याबाहेर काढला की दुकानदार परत घेत नाही. त्यामुळे इथे चुकीचं निदान म्हणजे पार्टाचे पैसे गेलेच, वर जीपवाल्याची दोन दिवसांची कमाईही बुडाली.

आता त्या क्लचप्लेटचं बघू. "गाडी चढाला खेचत नाही" या एका वाक्यात दोन निरनिराळे आजार असतात. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज चढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, वर जळका वास येतो, तर प्लेट घसरते आहे. उलट, आवाजच चढत नसेल, मागून काळा धूर येत असेल आणि बॉनेटखालून शीळ घातल्यासारखं ऐकू येत असेल, तर क्लचचा काही संबंध नाही. टर्बोचा रबरी पाइप फाटलेला असतो किंवा त्याची क्लिप ढिली झालेली असते. इंजिनला हवा कमी पडते, डिझेल अर्धवट जळतं. क्लचप्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. क्लिप स्क्रूड्रायव्हरने आवळता येते. दोन्ही कामांच्या बिलात किती फरक पडेल ते तुम्हीच ताडा. म्हणून माझं पहिलं सांगणं: गॅरेजमध्ये औषधाचं नाव सांगू नका, दुखणं सांगा. कधी होतं, थंड गाडीला की गरम, चढाला की उताराला, रिकामी असताना की भरलेली, एवढं सांगितलंत तरी अर्धं काम झालं.

दुखणं नीट सांगितल्याने काय होतं, याचा एक नमुना. मोखाड्याचा एक जीपवाला आला. "मामा, ब्रेक लागत नाही. पुढचे पॅड, मागचे शू, सगळं नवीन टाका." मी विचारलं, कधी लागत नाही? म्हणाला, "तोरंगण उतरताना शेवटच्या वळणांना पेडल खाली बसतं. खाली येऊन चहा घेतला की परत लागतं." झिजलेला शू चहा पिऊन बरा होत नाही. चाकं काढली तर लायनर अजून वर्षभर चालतील असे. ब्रेक ऑइलची बाटली उघडली तर आत काळपट, गढूळ तेल.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. नव्या डॉट-४ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. तेच तेल ओल पिऊन जुनं झालं की तो १५५ अंशांच्या आसपास येतो. घाट उतरताना सारखा ब्रेक दाबून ठेवला की चाकापाशी एवढी उष्णता सहज तयार होते. तेल उकळून वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय खाली जातो पण चाकाला जोर पोचत नाही. चहा होईपर्यंत वाफेचं परत तेल होतं, आणि ड्रायव्हरला वाटतं गाडीची काहीतरी लहर होती. काम एवढंच होतं: तेल बदलायचं आणि चारही चाकांची हवा काढायची. हे तेल दोन वर्षांनी बदलावं, मग गाडी उभी का असेना.

त्याला आणखी एक विचारलं: न्यूट्रलवर उतरतोस का? हसला. डिझेल वाचतं, हा आमच्याकडचा जुना समज. आताच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंधन बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थेंब थेंब जळत राहतं. म्हणजे वाचत काही नाही, आणि इंजिनचा जो फुकटचा ब्रेक मिळतो तोही जातो. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचा.

"गाडी तापते" हे असंच एक वाक्य. गिऱ्हाईक घाबरलेलं असतं, आणि 'हेड गॅस्केट गेलं, इंजिन उतरवावं लागेल' म्हटलं की मान डोलावतं. गॅस्केट जातं, नाही असं नाही. पण त्याआधी स्वस्तातल्या चार गोष्टी बघायच्या असतात. रेडिएटरच्या पुढच्या जाळीत चिखल आणि किडे बसलेत का? फॅन फिरतो का, की फ्यूजच उडालाय? थर्मोस्टॅट उघडतो का? आणि सर्वांत दुर्लक्षित, रेडिएटरचं झाकण. हे झाकण म्हणजे दाबाची झडप असते. आत साधारण एक वातावरणाएवढा जादा दाब ते धरून ठेवतं, त्यामुळे साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी १२० अंशांजवळ उकळतं. झाकणाचं रबर कडक झालं की दाब निसटतो, पाणी आधीच उकळून बाहेर येतं. झाकण काही शे रुपयांचं, इंजिनकाम हजारोंचं.

गॅस्केटच गेलंय असं कोणी म्हणालं तर पुरावा मागा. थंड गाडीचं झाकण काढून इंजिन चालू केलं की पाण्यात सतत बुडबुडे येतात का? ऑइलच्या काडीवर दुधाळ फेस आहे का? पाणी सारखं कमी होतं पण गळती कुठे दिसत नाही, असं आहे का? यातलं काहीच नसेल तर इंजिन खोलू देऊ नका. आणि गरम गाडीचं झाकण कधीही उघडू नका. हात भाजलेली माणसं मी पाहिली आहेत.

आवाजांचं थोडक्यात सांगतो. खड्ड्यातून जाताना पुढून खडखड आली की लोक शॉकअप बदलायला येतात. बहुतेक वेळा स्टॅबिलायझरची लिंक रॉड किंवा लोअर आर्मचं बुश सैल झालेलं असतं. दोन्ही शॉकअपपेक्षा कितीतरी स्वस्त. शॉकअप गेला असेल तर त्याच्या अंगावर तेल ओघळलेलं दिसतं आणि बंपर दाबून सोडला की गाडी दोन-तीनदा वरखाली होते. टायरही सांगतो: दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर जास्त, एकच कड झिजली तर अलाइनमेंट. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानेही बाद, आणि आमच्या पावसात त्याच्या आधीच बाद धरा.

नव्या गाड्यांत चेक लाइट लागतो, आणि त्यावर आता नवी फसवणूक उभी राहिली आहे. स्कॅनर लावला, कोड आला, "मशीन सांगतंय" म्हणून पार्ट बदलला. मशीन पार्टचं नाव सांगत नाही, फक्त लक्षण सांगतं. पी०३०१ कोडचा अर्थ एवढाच की पहिल्या सिलिंडरमध्ये जाळ नीट होत नाही. कारण प्लग असेल, कॉइल असेल, इंजेक्टर असेल, उंदराने कुरतडलेली वायर असेल. आमच्याकडे भातकापणीनंतर उंदीर बॉनेटमध्ये हमखास शिरतात. पेट्रोल गाडीत एक सोपी युक्ती आहे. पहिल्या सिलिंडरची कॉइल दुसऱ्यावर लावायची आणि कोड पुसून गाडी फिरवायची. आता पी०३०२ आला तर कॉइल खराब. पुन्हा पी०३०१ आला तर कॉइल निर्दोष. पैसा लागत नाही, लागतो तो वेळ. आणि त्या वेळेचे पैसे कोणी देत नाही, म्हणून थेट नवी कॉइल बसते.

बॅटरीचंही तसंच. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या जवळ हवी, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास. चालू इंजिनलाही आकडा १२ वरच राहिला तर दोष चार्जिंगमध्ये आहे. नवी बॅटरी टाकली तरी तीही उतरेल. मल्टिमीटर प्रत्येक गॅरेजमध्ये असतो. आकडा तुमच्यासमोर दाखवायला सांगा.

पावसाळ्यात मात्र एक नियम पाळाच. फरशीवरून पाणी जात असताना गाडी घातलीत आणि ती मध्येच बंद पडली, तर पुन्हा सेल्फ मारू नका. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा, टो करून आणा. प्लग किंवा नोजल काढून पाणी बाहेर काढता येतं. वाकलेला रॉड सरळ होत नाही. इंजिनच्या अशा नुकसानीला साधा विमा बहुधा हात वर करतो, त्याला वेगळं कवच घ्यावं लागतं.

कंपनीच्या शोरूममध्येच गाडी न्यावी का, असं शाळेतले गुरुजी, दवाखान्यातल्या सिस्टर विचारतात. वॉरंटीतलं फुकट काम तिथेच करून घ्या. पण बाहेर हात लागला की वॉरंटी गेलीच, ही भीती सरसकट खरी नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मुद्दा होता सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देण्याचा. केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही आयोगाने बजावलं. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण तो आदेश आमच्यासारख्या छोट्या गॅरेजवाल्यांना मोठा आधार वाटला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारीही आहेत.

फसवणूक झालीच तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. दुरुस्ती ही सेवा आहे, आणि सेवेतल्या त्रुटीबद्दल दाद मागता येते. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा आयोगात फी लागत नाही. पण त्यासाठी बिल हवं. "बिल नको, थोडं कमी करा" म्हणणारं गिऱ्हाईक आपला पुरावा आपल्याच हाताने फाडत असतं.

माझ्याकडे आता तपासणीची मजुरी वेगळी घेतो. सुरुवातीला लोक चिडायचे: नुसतं बघायचे पैसे? त्या पैशांत मी एक कागद देतो. दोष काय, तो कशावरून ठरवला, कोणता पार्ट, ओरिजिनल की लोकल की कुर्ल्याचा जुना, त्याची किंमत आणि मजुरी वेगवेगळी. काम माझ्याकडे केलं तर जुना पार्ट गाडीत ठेवून देतो. नाही केलं तर कागद घेऊन नाशिकला जा, मनोरला जा. तिथे कागद आधी दाखवू नका. फक्त दुखणं सांगा आणि तपासणीचे पैसे त्यांनाही द्या. दोन्हीकडे एकच दोष निघाला तर बिनधास्त गाडी खोलायला द्या. वेगळा निघाला तर दोघांनाही एकच प्रश्न विचारा, "कशावरून?" ज्याच्याकडे दाखवायला काही असेल, त्याला काम द्या.