शाळा आणि दवाखाना एका छपराखाली

मूल सहा महिन्यांचे झाले तरी मान सावरत नाही, वर्षाचे झाले तरी बसत नाही. उचलून घेतले की त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकतात. आईची चाहूल लागताच डोळे मात्र लकाकतात. घरातील वडीलधारी मंडळी धीर देतात, "काही मुले उशिराच चालतात!" या धीरातच वर्ष-दोन वर्षे निघून जातात, आणि नेमकी हीच वर्षे सर्वांत मोलाची असतात.

वाढत्या मेंदूला जन्मापूर्वी, जन्माच्या वेळी किंवा त्यानंतर लवकरच इजा पोचल्याने अशी अवस्था उद्भवू शकते. वैद्यकात तिला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. बाळ फार अपुऱ्या दिवसांचे असणे, त्याच्या मेंदूला प्राणवायू कमी पडणे, नवजात बालकाच्या तीव्र काविळीवर वेळीच उपचार न होणे ही तिची काही कारणे होत. मेंदूतील ही इजा पुढे वाढत नाही. शरीर मात्र वाढत असते. हाडे लांबतात, परंतु ताठरलेले स्नायू त्यांच्या बरोबरीने वाढत नाहीत. मग सांधे आखडतात, खुब्याचा सांधा जागचा सरकू लागतो. म्हणून या मुलाला औषधाची बाटली पुरत नाही. उपचारांचा रोजचा, वर्षानुवर्षांचा क्रम लागतो.

पूर्वी अशा मुलाच्या पालकांपुढे विचित्र पेच उभा राही. रुग्णालयात व्यायाम शिकवीत, पण अक्षरओळख करून देणे हे तेथील काम नव्हे. शाळेत अक्षरे शिकवीत, पण ज्याला धड बसता-बोलता येत नाही त्याला प्रवेश कोण देणार? शब्द उमटत नाहीत म्हणजे बुद्धीच नाही, असा समज सहज होई. वास्तविक यांपैकी अनेक मुलांची बुद्धी शाबूत असते.

हा पेच सोडविण्याचा आपल्या देशातील महत्त्वाचा प्रयत्न मुंबईत झाला. श्रीमती मिथू अलूर यांची कन्या मालिनी हिला जन्मापासून हा विकार होता. शिक्षण आणि उपचार एकत्र देता येतात, हे त्यांनी इंग्लंडमध्ये पाहिले होते. मायदेशी परतल्यावर त्यांनी १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली आणि कुलाब्याला शाळा उघडली. पुढे कोलकाता, दिल्ली आणि चेन्नई येथेही अशा कार्याने मूळ धरले. मालिनी चिब यांनी महाविद्यालयीन पदवी मिळविली आणि एका बोटाने टंकलेखन करून आत्मचरित्र लिहिले.

अशा शाळेत प्रथम दिसते ती खुर्ची. मुलाचे खुबे व गुडघे काटकोनात राहावेत, पावले फळीवर पूर्ण टेकावीत, अशा मापाने ती बनविलेली असते. धड स्थिर झाले म्हणजे हात मोकळा होतो. हात मोकळा झाला म्हणजे पाटीवर रेघ उमटते. या एका खुर्चीत वैद्यक आणि शिक्षण यांची सांगड पडलेली असते. मधल्या सुट्टीतील जेवण हाही धडाच असतो. डोके मागे कलंडू न देता घास कसा भरवावा, म्हणजे ठसका लागणार नाही, हे तज्ज्ञ दाखवून देतात. ज्याला बोलता येत नाही, तो चित्रांच्या फळीवर बोटाने, आणि बोटही वळत नसेल तर नजरेने, आपले मनोगत सांगतो. वाढत्या पायाला जुना कॅलिपर आखूड झाला काय, फेफऱ्याचे औषध चुकले काय, याकडे शिक्षकांचेही लक्ष असते.

ही शाळा दिवसाची असावी, यालाही कारण आहे. संध्याकाळी मूल घरी परतते, आपल्या माणसांत जेवते, भावंडांशी भांडते. शाळेत शिकलेले बसणे, गिळणे, बोलणे घरात वापरले गेले तरच टिकते. म्हणून आईवडिलांना शिकविणे हे या शाळेचे निम्मे काम होय.

तथापि ही शाळा बेट होता कामा नये. ती पूल झाली पाहिजे. २०१६ च्या कायद्याने सहा ते अठरा वर्षांच्या, ठरावीक प्रमाणाहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या बालकास मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. शेजारची शाळा वा विशेष शाळा, निवड त्याची. शेजारच्या शाळेत उतरता रस्ता, योग्य खुर्ची आणि समजदार शिक्षक असतील तर पुष्कळ मुले तेथेच शिकतील. विशेष शाळेतील कौशल्याने त्यांच्या मागे जावे.

बालकांचे दोष लवकर हुडकण्यासाठी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात जिल्ह्याच्या ठिकाणी त्वरित उपचार केंद्रांची योजना आहे. परंतु जिल्ह्याचे ठिकाण गावापासून साठ कोस असेल, तर रोजंदारी बुडवून आईने मुलाला कडेवर किती वेळा न्यावे? ते मूल वाढत आहे, त्याचे सांधे आखडत आहेत. उपचार त्याच्या दारापर्यंत कसा पोचवावा, हाच खरा प्रश्न आहे; आणि त्याच्या उत्तराला उशीर परवडणारा नाही.