फाटकाच्या आतून

आमच्या आईची एक खोड होती. दारात आलेल्या माणसाला ती आधी पाण्याचा तांब्या द्यायची आणि त्याचे पिऊन होईपर्यंत एक अक्षर बोलायची नाही. मग मात्र चौकशांची सरबत्ती! गाव कुठले, निघालात कुठे, बरोबर कोण आहे, पोटात काही आहे का?

१९७२ चा दुष्काळ. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा. अंबड तालुक्यातले आमचे घर गाडीवाटेला लागून होते. आमच्या विहिरीत थोडेफार पाणी होते, पण कणगीत दाणा नव्हता. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे. खडी फोडायच्या कामावर निघालेली माणसे बायकापोरांसह दारावरून जात. त्यांना द्यायला आईकडे रोज भाकरी असेच असे नाही. पण कोणत्या कामावर नवी माणसे घेतात, कुठली हजेरी बंद झाली, सुकडी कुठे वाटतात, याची खबर तिच्याकडे हमखास असे. येणाऱ्याला विचारून ठेवायचे आणि पुढच्याला सांगायचे, एवढाच तिचा उद्योग. त्यापायी कुणाची दोन-तीन कोसांची पायपीट वाचे. मला तेव्हा तो रिकामा चौकसपणा वाटायचा.

पुढे मी बँकेत लागलो. चौकशी हा माझाही धंदा झाला, पण उलट क्रमाने: आधी कागद, मग माणूस. जामीनदार कोण, सातबारा आणला का, सही जुळते का? निवृत्त झाल्यावर जालन्यात रेल्वे रुळांपासून जवळच घर बांधले. दुष्काळावर दोन कादंबऱ्या लिहिल्या आणि माणसाच्या दुःखातले आपल्याला कळते, असा समज करून घेतला. असो.

२०२० च्या २५ मार्चपासून देश बंद झाला. जालना म्हणजे लोखंडी सळयांचे गाव. इथल्या कारखान्यांत परप्रांतातली पुष्कळ माणसे. कामे थांबली, हातातले पैसे संपत आले आणि माणसे चालू लागली. रस्त्यावर पोलीस अडवतील म्हणून कित्येकांनी रूळ धरले.

जालनेकर हात बांधून बसले नव्हते, हे सांगायलाच हवे. कुणी घरी पोळ्या लाटल्या, कुणी खिचडीची पातेली चढवली. आम्हीही फाटकाबाहेर माठ ठेवला. शेजारी कागदी पेले, बिस्किटांचे पुडे. मी आत, तोंडाला पंचा गुंडाळून उभा. वय साठीचे, त्यात साखरेचा आजार. भीती खोटी नव्हती.

मे महिन्याच्या सुरुवातीला एका संध्याकाळी पाच-सहा पोरे आली. पाणी प्यायली. एकाने लांबूनच विचारले, ‘‘बाबूजी, ये पटरी सीधी औरंगाबाद जाती है न?’’

‘‘हां, सीधी,’’ मी म्हणालो आणि हाताने दिशा दाखवली. नमस्कार करून ती निघाली. 

‘‘अहो, कुठली होती हो मुले?’’ सौभाग्यवतींनी आतून विचारले. मला सांगता येईना.

तीन-चार दिवसांनी, ८ मेच्या पहाटे, बदनापूर आणि करमाडच्या दरम्यान रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांना मालगाडीने चिरडले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारी, मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतली ही माणसे. भुसावळहून गाडी मिळेल या आशेने आदल्या संध्याकाळी निघालेली. ३५-४० किलोमीटर चालून थकली आणि गाड्या बंद आहेत अशा समजुतीने तिथेच आडवी झाली. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र वाचकांनीही पाहिले असेल.

आमच्या दारची पोरे आधीच गेली होती. म्हणजे ती ही नव्हेत. या हिशोबाने मला बरे वाटायला हवे होते. पण बंद होत्या त्या प्रवासी गाड्या. मालगाड्या चालूच होत्या. रात्री अंथरुणात त्यांची शिटी मी रोज ऐकत होतो. १ मेपासून मजुरांसाठी खास गाड्या सुटू लागल्याचे वाचले होते. त्यासाठी नावे नोंदवावी लागतात, वैद्यकीय दाखला लागतो, हेही माहीत होते. यातले एक वाक्यही मी त्या पोरांना सांगितले नाही. अर्ज भरण्यात हयात घालवलेला माणूस मी, आणि त्यांना बोटाने रूळ दाखवून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर कडुनिंबाखाली टेबल मांडले. सहा फुटांवर दुसरी खुर्ची. माझे अक्षर अजून बरे आहे. येईल त्याचा अर्ज लिहायचा, आधार क्रमांक दोनदा तपासायचा, दाखला कुठे मिळतो ते सांगायचे. रुळांवरून जाऊ नका, मालगाड्या धावताहेत, हे प्रत्येकाला बजावायचे. ऐकणारे ऐकत. काही जण मान हलवून तरीही चालू लागत; त्यांना थांबवायला माझ्याकडे काय होते?

तिसऱ्या दिवशी एक एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा बसला. नाव, वडिलांचे नाव, जिल्हा, तालुका असे सगळे लिहून झाले. मी टोपण लावून अर्ज त्याच्याकडे सरकवला, तेवढ्यात आतून आवाज आला, ‘‘घरी कोण कोण आहे, विचारा ना त्याला.’’

अर्जात तसा रकाना नव्हता. तरी विचारले. त्याने पेला खाली ठेवला आणि तो सांगू लागला.