धोक्याची मोजणी : किल्लारीचा धडा

भूकंप निसर्ग घडवितो. परंतु त्यात किती माणसे दगावतील, हे बव्हंशी घरांच्या बांधणीवर ठरते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला व सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. तोवर भूकंपाच्या नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात गणला जात होता. झोपेतल्या माणसांवर कोसळली ती दगडमातीच्या भिंतींची, जड माळवदांची घरे. हलक्या छपरांच्या झोपड्या त्यामानाने तगल्या.

म्हणून गावाचा धोका मोजताना आम्ही तीन प्रश्न महत्त्वाचे मानतो. कोणते संकट संभवते? त्याच्या वाटेत कोण राहते? ते सोसून पुन्हा उभे राहण्याचे बळ कोणापाशी किती? पहिल्याचे उत्तर काही अंशी नकाशा देतो. उरलेल्या दोहोंसाठी घरोघर जावे लागते. ही मोजणी गावठाणाशी थांबू नये. ओढ्याकाठची वस्ती, भूमिहीनाचे खोपट, एकट्या वृद्धेचे घर यांचीही नोंद व्हावी. कारण नोंदीतून सुटलेली वस्ती मदतीतूनही सुटते. आमच्या वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी सुटीत गावी गेल्यावर वहीच्या एका पानावर एवढी नोंद जरूर करावी आणि ती ग्रामसभेपुढे वाचावी.