जीव वाचवणारी पिशवी जीवघेणी का ठरली?

पावसाळ्यात मिठाच्या बरणीचे झाकण नीट लावायचे राहिले, तर दोन दिवसांत मिठाला पाणी सुटते आणि त्याचे गठ्ठे होतात. हवेतले बाष्प ओढून घेणाऱ्या अशा पदार्थांना आपण आर्द्रताशोषी पदार्थ म्हणतो. स्वयंपाकघरात त्यामुळे फारसे बिघडत नाही. पण असाच एक पदार्थ मोटारीच्या स्टिअरिंगमध्ये दहा-पंधरा वर्षे राहिला तर काय होते, हे टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगनी जगाला दाखवून दिले. या दोषामुळे जगभरात दहा कोटींहून अधिक एअरबॅग बदलण्यासाठी मोटारी परत बोलवाव्या लागल्या. वाहन उद्योगाच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी माघार आहे. तिच्या मुळाशी असलेले रसायनशास्त्र मात्र शाळेच्या पाठ्यपुस्तकातलेच आहे.

पिशवी फुगते कशी?

समजा, एक मोटार ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने जाऊन भिंतीवर आदळली. मोटार सुमारे एक दशांश सेकंदात थांबते. आतला माणूस मात्र जडत्वामुळे त्याच वेगाने पुढे जाऊ पाहतो. सीटचा पट्टा त्याला धरून ठेवतो. तरीही डोके आणि छाती स्टिअरिंगवर आपटू नये, यासाठी मध्ये एक मऊ पिशवी यावी लागते, आणि तीही सुमारे ३० मिलिसेकंदांत. पापणी लवायला याच्या तिपटीहून अधिक वेळ लागतो.

एवढ्या थोड्या वेळात पंपाने हवा भरणे अशक्य आहे. म्हणून बहुतेक एअरबॅगमध्ये वायू जागच्या जागी तयार केला जातो. पिशवीच्या मागे धातूचा एक लहानसा डबा असतो. त्याला इन्फ्लेटर म्हणतात. त्यात घन इंधनाच्या दाबून बनवलेल्या वड्या असतात. वेग एकाएकी कमी झाल्याचे संवेदकाला कळले की विजेच्या ठिणगीने इंधन पेटते आणि निर्माण झालेला वायू डब्याच्या छिद्रांतून पिशवीत शिरतो.

सुरुवातीच्या एअरबॅगमध्ये हे काम सोडियम अॅझाइड करीत असे. त्याच्या २ मोलचे, म्हणजे १३० ग्रॅमचे विघटन झाले की ३ मोल नायट्रोजन मिळतो. नेहमीच्या तापमानाला व दाबाला १ मोल वायू सुमारे २४ लिटर जागा व्यापतो. म्हणजे मूठभर पावडरीपासून ७२ लिटर वायू झाला! चालकापुढची पिशवी साधारण ६० लिटरची असते. हे गणित नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडून जरूर करून घ्यावे.

नवे इंधन, जुना गुणधर्म

सोडियम अॅझाइड अत्यंत विषारी आहे. म्हणून १९९० च्या दशकात त्याला पर्याय शोधले जाऊ लागले. टकाटा कंपनीने २००० च्या सुमारास अमोनियम नायट्रेटची निवड केली. हे क्षार खत म्हणून आणि खाणीतील सुरुंगांसाठी वापरले जाते. ते स्वस्त आहे. शिवाय ते जळाले की जवळजवळ सगळ्याचा नायट्रोजन, ऑक्सिजन व वाफ यांसारख्या वायूंमध्ये कायापालट होतो आणि मागे राख फारशी उरत नाही. त्यामुळे इन्फ्लेटर लहान आणि हलका करता येतो.

पण या पदार्थाच्या दोन खोडी आहेत. एक तर तो मिठापेक्षाही हावरटपणे बाष्प शोषतो. प्रयोगशाळेत त्याच्या बाटलीचे बूच सैल राहिले, तर काही दिवसांत त्याची ढेप होते. दुसरे असे, की ३२ अंश सेल्सिअसला त्याची स्फटिकरचना बदलते आणि आकारमान ३ ते ४ टक्क्यांनी वाढते. तापमान उतरले की ते पुन्हा आक्रसते. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत ३२ अंशांची ही सीमा रोज दोनदा ओलांडली जाते. कंपनीला याची कल्पना होती. म्हणून तिने पोटॅशियमचे क्षार मिसळून स्फटिकरचना स्थिर केली. बाष्प शोषण्याचा गुण मात्र तसाच राहिला.

वडी सच्छिद्र झाली की...

घन पदार्थ जळतो तो पृष्ठभागावर. म्हणून लाकडाचा ओंडका सावकाश जळतो आणि त्याच लाकडाच्या ढलप्या भडकन पेटतात. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचे १ मिलिमीटर बाजूचे १००० तुकडे केले, तर एकूण पृष्ठफळ ६० चौरस सेंटिमीटर होते. पदार्थ तेवढाच, पण जळायला दहापट जागा.

इन्फ्लेटरमध्ये नेमके हेच घडले. दिवसा तापणे, रात्री निवणे आणि त्याबरोबर बाष्पाची ये-जा हे चक्र वर्षानुवर्षे चालले. त्यात घट्ट दाबलेल्या वड्या फुगल्या, त्यांची घनता कमी झाली आणि त्या सच्छिद्र बनल्या. अशी वडी पेटली की ज्वाला छिद्रांतून आत शिरते आणि वायू अपेक्षेपेक्षा फार वेगाने तयार होतो. त्याने दाब वाढतो, आणि दाब वाढला की ज्वलनही आणखी वेग घेते. डब्याच्या छिद्रांना एवढा वायू बाहेर सोडणे जमत नाही. अखेर डबाच फुटतो आणि धातूचे तुकडे पिशवी फाडून चालकाच्या मानेत व चेहऱ्यात घुसतात. एरवी खरचटण्यावर निभावले असते, अशा किरकोळ टकरींतही यामुळे माणसे दगावली.

पृष्ठफळाचा परिणाम वर्गात दाखवायचा असेल, तर अंड्याच्या कवचाचे दोन सारखे भाग घ्या. एक तसाच ठेवा, दुसऱ्याची बारीक पूड करा. दोन्हींवर सारखेच व्हिनेगर ओता आणि फेस किती झपाट्याने येतो ते पाहा. अमोनियम नायट्रेट घेऊन मात्र कोणताही प्रयोग करू नये.

दोष सापडायला उशीर का लागला?

अशी सुरुवातीची एक दुर्घटना २००४ मध्ये अमेरिकेच्या अलाबामा राज्यात घडली. तो एक अपवाद मानला गेला. २००८ मध्ये होंडा कंपनीने सुमारे ४००० मोटारी परत बोलावल्या. २००९ मध्ये अमेरिकेत पहिला मृत्यू झाला. प्रत्येक वेळी कारण कारखान्यात शोधले गेले: अमुक दिवशी वड्यांवर दाब कमी पडला, तमुक वेळी माल दमट हवेत राहिला. त्यामुळे माघारही तेवढ्याच मालापुरती मर्यादित राहिली.

खरा धागा नकाशावर होता. फ्लोरिडा, प्वेर्तो रिको, मलेशिया अशा उष्ण व दमट प्रदेशांत, आणि तेही जुन्या मोटारींत, अशा घटना अधिक होत होत्या. २०१५ मध्ये कंपनीने दोष मान्य केला. २०१६ मध्ये जर्मनीतील फ्राउनहोफर संस्था आणि अमेरिकेतील ऑर्बिटल एटीके यांच्या स्वतंत्र तपासण्यांतून तीन कारणे एकत्र आल्याचे दिसले: बाष्पशोषक पदार्थाची जोड नसलेले अमोनियम नायट्रेट, बाष्पाला पुरते अडवू न शकणारा डबा आणि उष्ण दमट हवेत काढलेली बरीच वर्षे. काही मोटारींत आधी त्याच जातीचे नवे इन्फ्लेटर बसवावे लागले होते. ते नवे असल्याने तूर्त सुरक्षित होते, पण पुढे तेही बदलणे भाग पडले.

उशिराचे आणखी एक कारण विज्ञानाच्या शिक्षकाने आवर्जून सांगावे असे आहे. कंपनीने चाचण्यांचे प्रतिकूल निष्कर्ष ग्राहक कंपन्यांपासून दडवले होते आणि अहवालांतील आकडे बदलले होते. २०१७ मध्ये तिने अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला, १ अब्ज डॉलर देण्याचे मान्य केले आणि त्याच वर्षी ती दिवाळखोरीत गेली. एकट्या अमेरिकेत या दोषाने २५ हून अधिक बळी घेतले आणि ४०० हून अधिक माणसे जखमी झाली.

आपण काय करावे?

हे वाचून कोणी एअरबॅगची तार काढून टाकू नये. समोरच्या एअरबॅगमुळे १९८७ ते २०१७ या काळात अमेरिकेत पन्नास हजारांहून अधिक जीव वाचले, असा तेथील महामार्ग सुरक्षा संस्थेचा अंदाज आहे. भारतातही टकाटाच्या एअरबॅग बदलण्यासाठी मोटारी परत बोलावल्या गेल्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याने केंद्र सरकारला माघारीचा आदेश देण्याचा अधिकारही दिला आहे. अडचण वेगळीच असते. मोटार दोन-तीनदा विकली गेली, तर कंपनीचे पत्र जुन्याच मालकाकडे जाते. जुनी मोटार असणाऱ्याने तिचा चासी क्रमांक घेऊन कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रात चौकशी करावी. माघारीतील भाग विनामूल्य बदलून मिळतो.

विद्यार्थ्यांसमोर शेवटी एक प्रश्न ठेवावा. एखादी वस्तू पंधरा वर्षांनंतर कशी वागेल, हे आज कसे तपासाल? जास्त तापमानाला ठेवून? जास्त दमट हवेत? की रोज तापवून आणि निववून? टकाटाच्या वड्यांचा अनुभव पाहता, यांपैकी एकच चाचणी पुरेल का, यावर वर्गात चांगली चर्चा होऊ शकेल.